आधी कागद, मग तिकीट: परदेशी परिषदेला पहिल्यांदाच निघालेल्या सहायक प्राध्यापिकेला उत्तर

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही डोंबिवलीला राहता, मुंबईतल्या एका अनुदानित कॉलेजात भाषाविज्ञान शिकवता. व्हिएन्नातल्या एका परिषदेत तुमचा निबंध स्वीकारला गेला आहे. परिषद ६ ते ९ जुलैला आहे आणि आत्ता फेब्रुवारी संपत आला आहे. विमानाचं तिकीट सध्या स्वस्त दिसतंय, पण रद्द केलं तर पैसे परत मिळणार नाहीत. ते लगेच काढून टाकावं का, हा तुमचा प्रश्न. शिवाय पासपोर्टवर सासरचं नाव आहे, निबंधावर माहेरचं. कॉलेज खर्च देईल की नाही हे अजून ठरलेलं नाही. आणि देशाबाहेर जायची ही पहिलीच वेळ.

तिकीट आत्ता काढू नका. स्वस्त असलं तरी नाही.

मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात २२ वर्षं शिकवते आहे आणि गेली ११ वर्षं आमच्या संशोधन समितीचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे स्वतःच्या प्रवासापेक्षा इतरांच्या प्रवासाचे कागद माझ्या हाताखालून जास्त गेले आहेत. आमच्या एका सहकाऱ्यांनी असंच स्वस्त तिकीट चार महिने आधी काढलं होतं. व्हिसाची अपॉइंटमेंट मिळायला उशीर झाला. पासपोर्ट हातात आला तेव्हा विमान जाऊन दोन दिवस झाले होते. व्हिसा मंजूर होता, निबंध तयार होता आणि दीड महिन्याचा पगार गेला होता. त्यांच्या चेहऱ्यावरची ती निराशा आठवली की मला आजही वाईट वाटतं, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

तुमची खरी अडचण तिकिटाच्या किमतीची नाही, क्रमाची आहे. या प्रवासात आठ-दहा ठिकाणी पैसे भरायचे असतात, आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःला एकच गोष्ट विचारायची: आज पैसे दिले आणि पुढचं काम अडलं, तर हे पैसे परत मिळतील का? परत मिळणार असतील तर खुशाल भरा. मिळणार नसतील तर ज्यावर ते अवलंबून आहे ते आधी पक्कं करा. परिषदेचं शुल्क, हॉटेल, विमा, व्हिसा, तिकीट ही सगळी गणितं यावरच सुटतात. दुसरी गोष्ट म्हणजे कागदांचा मेळ. व्हिसाचा निर्णय घेणारा माणूस तुम्हाला ओळखत नाही, त्याच्यासमोर फक्त तुमची फाइल असते. निमंत्रणपत्र, कॉलेजचं पत्र, बँकेचं विवरण, हॉटेल, विमा हे सगळे कागद एकच गोष्ट सांगत असले पाहिजेत: कोण, कशासाठी, कोणत्या तारखांना, कोणाच्या पैशाने, आणि परत कशासाठी येणार.

यातलं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे हे आधीच सांगते. कॉलेजचं व्यवस्थापन, तुमची नोकरी कायम आहे की नाही, पासपोर्ट किती जुना आहे, अनुदान मिळतं की नाही, यावर तपशील बदलतील. व्हिसाच्या कागदांची यादी ऑस्ट्रियाच्या दूतावासाचीच प्रमाण माना. माझी किंवा आणखी कोणाची नाही. मी सांगते आहे ते फक्त काम कोणत्या क्रमाने करायचं आणि का.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण विचारायला हवी. परिषद खरी आहे ना? तुम्ही स्वतः गोषवारा पाठवलात, परीक्षकांचे शेरे आले आणि मग स्वीकृती आली, तर काळजी नाही. न पाठवता आलेलं निमंत्रण, दोन दिवसांत स्वीकृती, एकाच सभागृहात एकाच दिवशी दहा वेगवेगळ्या विषयांच्या परिषदा, असं काही असेल तर थांबा. मागच्या वर्षीचा कार्यक्रम काढून बघा आणि आयोजन समितीतल्या एखाद्या अभ्यासकाला त्याच्या विद्यापीठाच्या ईमेलवर थेट विचारा. परीक्षण नसलेल्या परिषदेतला निबंध पुढे तुमच्या कामाचा नाही, मग तो कुठेही वाचलेला असो.

आता नावाचा प्रश्न. आपल्याकडच्या बायकांची यात खूप अडचण होते, म्हणून जरा थांबून सांगते. पासपोर्टवर नाव आणि आडनाव असे दोन रकाने असतात. मधलं नाव, मग ते वडिलांचं असो वा नवऱ्याचं, बहुतेक वेळा पहिल्या रकान्यात आपल्या नावालाच जोडलेलं असतं. परिषदेच्या अर्जात मात्र लोक मधलं नाव गाळतात, किंवा निबंधावरचं माहेरचं नाव टाकतात. मग निमंत्रणपत्र एका नावावर, विमा दुसऱ्या नावावर आणि पासपोर्ट तिसऱ्या नावावर अशी फाइल तयार होते. माझ्या पहिल्या परिषदेच्या वेळी व्हिसा केंद्रातल्या मुलीने निमंत्रणपत्र बाजूला ठेवून विचारलं होतं, "हे दुसऱ्या कोणाचं पत्र आहे का?" त्या रात्री आयोजकांना ईमेल पाठवून नवं पत्र मागवलं आणि अपॉइंटमेंट पुन्हा घ्यावी लागली.

तुम्ही असं करा. निबंधावरचं नाव बदलू नका. तुमचं आजवरचं काम त्या नावावर आहे आणि ते तसंच राहू द्या. नोंदणीच्या अर्जात मात्र पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव घाला. मग आयोजकांना लिहा की निमंत्रणपत्रात पासपोर्टवरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक असावा, आणि एक ओळ अशीही असावी की यांचा निबंध अमुक नावाने कार्यक्रमात आहे. आयोजकांना अशा विनंत्यांची सवय असते, ते देतात. सोबत विवाह नोंदणीचा दाखला जोडा. नाव बदलल्याचं राजपत्र काढलं असेल तर त्याचीही प्रत ठेवा. विमा, हॉटेल आणि पुढे तिकीट, सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव, मधल्या नावासकट.

पासपोर्ट हातात घेतलाच आहे तर आणखी तीन गोष्टी तपासा. शेंगेनसाठी, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या ऑस्ट्रियासह युरोपीय देशांच्या गटासाठी, तो गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, तुम्ही तिथून निघाल्यानंतर किमान ३ महिने वैध हवा, आणि निदान २ पानं कोरी हवीत. यात काही कमी पडत असेल तर आधी पासपोर्टचं काम, बाकी सगळं नंतर.

कॉलेजकडे उद्याच अर्ज द्या. यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि लोक हेच शेवटाला ठेवतात. तुम्हाला दोन वेगळे कागद हवेत: कर्तव्य रजेची मंजुरी आणि ना हरकत प्रमाणपत्र. प्राचार्यांची सही एका दिवसात होते, पण व्यवस्थापनाची बैठक महिन्यातून एकदा असेल तर तुमचा अर्ज तिची वाट बघत पडून राहतो. त्यात जुलै म्हणजे प्रवेशाचे आणि नव्या वर्षाच्या वेळापत्रकाचे दिवस. तुमचे तास कोण घेणार हे अर्जातच लिहून द्या, म्हणजे नाही म्हणायला कारण उरत नाही. प्रमाणपत्रात तुमचं पद, रुजू झाल्याची तारीख, रजेच्या तारखा आणि परतल्यावर कोणत्या तारखेला हजर होणार हे स्पष्ट असू द्या. हे शेवटचं वाक्य व्हिसासाठी फार मोलाचं आहे. परत यायला इथे नोकरी आहे, हे त्यातून दिसतं.

रजेच्या तारखांत एक नेहमीची चूक होते. मुंबईहून युरोपकडे जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ४ जुलै, पहाटे २.३० असेल तर घरातून तुम्ही ३ जुलैच्या संध्याकाळी निघणार आहात. येतानाही तसंच, ९ तारखेला संध्याकाळी निघालात तर मुंबईत १० तारखेला उतराल. रजा, विमा आणि व्हिसाच्या अर्जातल्या तारखा कॅलेंडर समोर ठेवून ठरवा. एका दिवसाच्या फरकाने पुढे लेखा विभागात महिनाभर पत्रव्यवहार करावा लागलेला मी पाहिला आहे.

आता पैशाचं बघू. कॉलेज देईल की नाही माहीत नाही म्हणता, तर सगळा खर्च स्वतःचा आहे असं धरूनच आखणी करा. मिळाले तर उत्तमच. तुमच्या विषयासाठी आयसीएसएसआरकडे (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) परदेशी परिषदांना अर्थसाह्याची योजना आहे. विज्ञानातल्या मंडळींसाठी पूर्वी एसईआरबी हे केंद्राचं संशोधन मंडळ होतं, त्याची जागा आता २०२३ च्या कायद्याने आलेल्या एएनआरएफ या राष्ट्रीय संशोधन संस्थेने घेतली आहे. टाटा ट्रस्ट्सकडूनही प्रवासासाठी साहाय्य मिळत आलं आहे. प्रत्येकाची मुदत आणि अटी वेगळ्या, त्या त्यांच्या चालू जाहिरातीत वाचा. आणि आयोजकांना विचारायला संकोचू नका. भारतातल्या अभ्यासकांना किंवा पीएचडी करणाऱ्यांना शुल्कात सवलत देणाऱ्या परिषदा बऱ्याच असतात, पण विचारल्याशिवाय कोणी देत नाही.

अनुदानाचे पैसे बहुधा परत आल्यावर, बिलं दिल्यावर मिळतात. म्हणजे आधी घालायचे ते तुमचेच. इथेच व्हिसाशी गाठ पडते. दूतावासाला तुमच्या बँक खात्याची गेल्या काही महिन्यांची नोंद बघायची असते. तुम्ही नोंदणी, तिकीट, हॉटेल सगळं त्याच खात्यातून आधीच भरलंत तर नेमक्या त्या वेळी शिल्लक तळाला जाते. ती भरून काढायला कोणी भावाकडून दीड लाख आणून एकदम जमा केले, तर ते आणखी वाईट दिसतं. नियमित पगार, नियमित खर्च आणि बेताची पण खरी शिल्लक, ही फाइल चांगली. सोबत पगाराच्या पावत्या आणि आयकर विवरणपत्रं. भावाने किंवा नवऱ्याने खरंच मदत केली असेल तर ते लपवू नका. त्यांचं पत्र आणि त्यांचं विवरण जोडा.

कॉलेजचा निर्णय झाला नसेल तर अर्जात "खर्च महाविद्यालय करणार" असं लिहू नका. "खर्च मी स्वतः करणार आहे, महाविद्यालयाकडे साहाय्याचा अर्ज केला आहे" असं लिहा. जे आहे तेच लिहायचं. आणि आयोजक राहण्याचा किंवा प्रवासाचा खर्च उचलणार असतील तर कॉलेजच्या कार्यालयात एक प्रश्न विचारा. परदेशी योगदान नियमन कायद्याच्या कलम ६ प्रमाणे सरकारी सेवकांना आणि सरकारच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या संस्थांतल्या कर्मचाऱ्यांना परदेशी पाहुणचार घेण्याआधी केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी लागते. तुमच्या नेमणुकीला ते लागू होतं का, हे लेखी विचारून घ्या.

व्हिसा. अल्प मुदतीच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून देता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी द्यावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, अडचण आली तर ४५ दिवसांपर्यंत. म्हणजे नियमाप्रमाणे तुम्ही आजही अर्ज देऊ शकता. पण मुंबईत खरा अडथळा निर्णयाचा नाही, अपॉइंटमेंटचा आहे. मे महिन्याच्या सुट्टीत युरोपला जाणारी कुटुंबं मार्चपासूनच तारखा घेऊन ठेवतात. म्हणून माझं मत असं की मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कागद पुरे करा आणि मार्चअखेरीची किंवा एप्रिलच्या सुरुवातीची तारीख मिळवा. ४५ दिवस लागले तरी मेच्या मध्यापर्यंत पासपोर्ट घरी येतो. तोवर तो त्यांच्याकडेच असतो, त्या काळात दुसरा परदेश प्रवास ठरवू नका.

अर्ज व्हीएफएसच्या (दूतावासांच्या वतीने व्हिसाचे अर्ज घेणारी कंपनी) केंद्रात द्यायचा, बोटांचे ठसे आणि फोटो तिथेच घेतात, पण निर्णय दूतावासाचा. प्रौढांसाठी व्हिसाचं शुल्क ९० युरो आहे, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी हे परत मिळत नाही. हाच काय तो न टाळता येणारा धोका. विमा किमान ३०,००० युरोच्या वैद्यकीय खर्चाचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. त्याच्या तारखा दोन्ही बाजूंनी काही दिवस जास्त धरा. परिषदेनंतर प्रागला किंवा बुडापेस्टला जायचं असेल तर आत्ताच ठरवा. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. व्हिएन्नात ५ दिवस आणि प्रागला ६ दिवस असं केलंत तर ऑस्ट्रियाकडे केलेला अर्ज चुकीचा ठरतो. पहिल्या खेपेला मी तरी सांगेन, परिषद करा, एखादा दिवस व्हिएन्ना बघा आणि परत या. कागद सरळ राहतात.

सोबतचं पत्र एका पानाचं असावं. तुम्ही कोण, काय शिकवता, निबंधाचा विषय एका सोप्या वाक्यात, परिषदेच्या तारखा, जाण्या-येण्याच्या तारखा, राहण्याचं ठिकाण, खर्च कोणाचा, आणि अमुक तारखेला कामावर हजर होणार. शेवटी जोडलेल्या कागदांची यादी, त्याच क्रमाने लावलेल्या फाइलसह. विनवणी नको, स्तुती नको. वाचणाऱ्याला दोन मिनिटांत सगळं सापडलं पाहिजे.

व्हिसाच्या अर्जाला विमानाचं आरक्षण दाखवावं लागतं, म्हणून तर तिकीट काढलं, असं बरेच जण म्हणतात. आरक्षण आणि भरलेलं तिकीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रॅव्हल एजंट काही दिवसांचं आरक्षण करून देतो, किंवा रद्द करता येणारं तिकीट थोडे जास्त पैसे देऊन घ्या. तो जो फरक आहे तो व्हिसाचा विमा समजा. हॉटेलही असंच, आधी विनाशुल्क रद्द करता येणारं घ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत युरोपातल्या विद्यार्थी वसतिगृहांच्या खोल्या पाहुण्यांना मिळतात आणि हॉटेलपेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात, आयोजकांना त्याबद्दल विचारा. नोंदणी शुल्क मात्र सवलतीच्या मुदतीत भरा, कारण निमंत्रणपत्र बहुतेकदा त्यानंतरच मिळतं. भरण्याआधी दोन गोष्टी ईमेलवर विचारा: व्हिसा नाकारला तर किती परत मिळतं, आणि ऑनलाइन वाचन करू देतात का. उत्तर जपून ठेवा.

इथपर्यंतचा क्रम एकदा सलग सांगते. रजा आणि ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज, परताव्याची चौकशी करून नोंदणी, पासपोर्टच्या नावाने निमंत्रणपत्र, रद्द करता येणारं हॉटेल आणि विमानाचं आरक्षण, विमा, व्हिसा, आणि व्हिसाचं स्टिकर तपासल्यावर पक्कं तिकीट. स्टिकरवर नाव, पासपोर्ट क्रमांक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती दिवस आणि किती वेळा प्रवेश, हे सगळं त्याच दिवशी वाचा.

तिकीट काढताना आखाती देशांतून, इस्तंबूलहून किंवा एखाद्या युरोपीय शहरातून जोडविमान मिळेल. काहीही घ्या, पण दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असू द्या. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर दुसरी विमान कंपनी जबाबदार नसते. लंडनमार्गे स्वस्त दिसलं तर आधी थांबा. भारतीय पासपोर्टला तिथे नुसतं विमान बदलायलाही बहुधा वेगळा व्हिसा लागतो. फ्रँकफर्ट किंवा म्युनिकमार्गे गेलात तर इमिग्रेशन तिथेच होतं. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद घेणारी नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे आणि पहिल्यांदा येणाऱ्याला जास्त वेळ लागतो. मधे अडीच-तीन तास ठेवा. प्रवास केंद्र सरकारच्या पैशातून असेल तर तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या ठरवून दिलेल्या एजन्सींकडूनच काढावं लागतं. दुसरीकडून काढलेलं बिल पुढे अडतं. आणि नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालेला आहे, तेव्हा तिकिटावर विमानतळाचं नाव नीट वाचा.

परिषद सोमवारी सुरू होते. तुम्ही शनिवारी पोहोचा. व्हिएन्नाचं घड्याळ जुलैमध्ये आपल्या साडेतीन तास मागे असतं, शरीराला ते फार जड जात नाही, पण सामान मागे राहिलं किंवा जोडविमान चुकलं तर एक दिवस हाताशी असतो. ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकानं बंद असतात, मोठ्या रेल्वे स्थानकांतली काही सोडली तर. म्हणून शनिवारीच दूध, पाव, फळं आणून ठेवा. नळाचं पाणी तिथे डोंगरातल्या झऱ्यांचं आणि उत्तम असतं, बाटल्या विकत घेऊ नका. विमानतळावरून शहरात जायला खास जलद गाडी आहे, पण साधी एस ७ लोकल पुष्कळ स्वस्त आहे आणि थोडाच जास्त वेळ घेते.

डोंबिवलीहून विमानतळ गाठणं हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात स्वतंत्र विषय आहे. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस पडला की शीव-कुर्ल्याला रुळांवर पाणी येतं आणि रस्तेही तुंबतात. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते, ३ जुलै त्यात आहे का ते बघा. पहाटेच्या विमानासाठी मी रात्री उशिरा निघत नाही. संध्याकाळी निघून टी-२ ला, म्हणजे मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ ला, जाऊन बसते, किंवा अंधेरीला नातेवाइकांकडे जाते. सामान एकच बॅग असेल तर लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, आणि मरोळ नाक्याला मेट्रो ३ मध्ये बदललं की पुढचंच स्थानक टी-२. मेट्रो रात्रभर नसते, हे लक्षात ठेवून निघा. सोबत कोणी असेल तर जास्त बरं.

खाण्याचं थोडं. दशम्या, चिवडा, मेतकूट, सुक्या चटण्या आनंदाने न्या. दूध, तूप, पनीर असे पदार्थ आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत. आखातातून जाणार असाल तर खसखस अजिबात नको. संयुक्त अरब अमिरातीत ती बंदी असलेल्या पदार्थांत येते, आणि आपल्या मसाल्यांत ती न सांगताच असते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात नेऊ देत नाहीत. औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. पॉवर बँकही हातातल्या पिशवीतच.

पैशांसाठी २००-३०० युरो रोख, एक फॉरेक्स कार्ड (आधीच युरो भरून ठेवलेलं) आणि अडीअडचणीला एक क्रेडिट कार्ड पुरे. कार्डावर परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करावा लागतो. दुकानात यंत्राने रुपये की युरो विचारलं तर युरो निवडा. रुपये निवडले की दर महाग लावतात. वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतच्या परकीय चलनावर टीसीएस (पैसे घेतानाच वसूल होणारा आगाऊ आयकर) कापला जात नाही, त्याची चिंता नको. भारतातलं सिमकार्ड बंद करू नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात.

निबंधाची तयारी तुम्ही करालच, पण भाषाविज्ञानाची म्हणून एक गोष्ट सांगते. तिथल्या संगणकावर देवनागरीचा फाँट नसला किंवा जुना असला तर जोडाक्षरं तुटतात आणि वेलांट्या भलत्याच जागी जातात. तुमची उदाहरणंच वाचता येत नाहीत. स्लाइड्स पीडीएफ करून न्या, फाँट आत बसवलेले आहेत ना ते दुसऱ्या संगणकावर उघडून बघा, आणि एक प्रत पेनड्राइव्हवर, एक स्वतःच्या ईमेलमध्ये ठेवा. पोस्टर असेल तर कापडावर छापून घ्या. ते घडी करून बॅगेत जातं, नळी सांभाळत फिरावं लागत नाही. आकार ए-झिरो सांगितला असेल तर उभा की आडवा हे विचारून घ्या.

आणि व्हिसा नाकारला तर? पहिल्या खेपेला असं होऊ शकतं, त्यात तुमच्या कामाची किंमत कमी होत नाही. नकारासोबत छापील कारणं येतात. कारण कागदाचं असेल आणि वेळ असेल तर ते दुरुस्त करून पुन्हा अर्ज करा. पुढच्या अर्जात आधीचा नकार लपवू नका. वेळ नसेल तर त्याच दिवशी आयोजकांना लिहा आणि ऑनलाइन वाचनाची जागा मिळवा. हॉटेल रद्द होईल, तिकीट काढलेलंच नसेल, आणि नुकसान व्हिसाच्या शुल्कावर, नोंदणी शुल्कातलं जे परत मिळत नसेल त्यावर आणि थोड्याफार विम्यावर थांबेल.

परत आल्यावरचं एक काम आत्ताच डोक्यात ठेवा. जाताना आणि येताना दोन्ही टप्प्यांचे बोर्डिंग पास, नोंदणीची पावती, उपस्थितीचा दाखला आणि हॉटेलचं बिल, हे सगळं एका पाकिटात घालून आणा. आमच्याकडे एका मुलीने येतानाचा बोर्डिंग पास विमानात आसनाच्या खिशात विसरला आणि तेवढ्यासाठी तिचं बिल पाच महिने अडून राहिलं. मोबाइलवर पास असला तरी त्याचं चित्र जतन करून ठेवा, आणि शक्य असेल तर काउंटरवर छापील मागा. उद्या कॉलेजात अर्ज देताना लेखा विभागातही जाऊन या आणि बिलासोबत नेमकं काय काय लागतं ते त्यांच्याकडून लिहून घ्या.